हिरव्या खुणेचा ढावलो

मशीन खरं बोललं होतं. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण नंतर चौकशीला आलेल्या सगळ्यांना मशीन खोटारडं ठरवायची घाई होती. मुख्याध्यापक ढोके सरांना होती. ते बनवणाऱ्या कंपनीच्या पोरांना तर फारच. "अपडेट देऊन टाकू, आजी," म्हणाली. अपडेट! जसं काही वरणात मीठ कमी पडलं होतं.

मी झमकीबाई आडे. दुसरी पास, तीही गुरुजींच्या मेहेरबानीनं. दिग्रसच्या अलीकडे सौरपट्ट्यांचं रान लागतं, त्याला चिकटून असलेल्या निवासी शाळेत मी अडीच वर्षं मनसाथी होते. मनसाथी म्हणजे मुलांच्या मनाचं बघणारी बाई. आधी या कामाला मोठ्या डिग्रीची माणसं लागायची आणि ती आमच्या उन्हात टिकायची नाहीत. मग पारवा आला. डिग्रीचं काम त्यानं घेतलं. कायद्यात एवढंच उरलं की मुलांची बोली जाणणारं, मायेचं एक माणूस शाळेत हवं. माया म्हणाल तर माझ्या जिभेवर नाही, पण मांडी मोठी आहे. मुलांना मांडी पुरते.

शाळेत पट्ट्या पुसायला आलेल्या ओडिया-बिहारी मजुरांची मुलं होती, कोलामांची होती, गावातली मराठी आणि मुसलमान होती. निम्मी आमच्या तांड्यांमधली, गोरमाटी बोलणारी. बाहेरचे आम्हाला बंजारा म्हणतात. म्हणू देत.

पारवा म्हणजे गळपट्टीला लावायचं बटण, चिंचोक्याएवढं. तो शब्द ऐकत नाही. मुलांचं बोलणं साठवायचं नाही असा कायदाच आहे. तो फक्त आवाज ऐकतो. माणसाच्या गळ्यात दोन पडदे असतात. दुःख झालं की गळ्याचे स्नायू आवळतात, पडदे थरथरतात, शब्दाच्या आधी श्वास अडखळतो. ओठ हसले तरी पडद्यांना हसता येत नाही. प्रत्येक मुलाचे पहिले पंधरा दिवस पारवा नुसता ऐकत राहतो आणि त्याचा रोजचा आवाज कसा ते शिकतो. पुढे त्यात फरक पडला की माझ्या खोलीतल्या फळ्यावर त्या मुलाच्या नावापुढचा हिरवा दिवा पिवळा होतो, फारच पडला तर लाल. मग मी जायचं.

आणि मी जायची. ओडिया सुभद्रा चार दिवस पिवळी होती, जेवत नव्हती. सगळे म्हणाले ताप असेल. मी तिच्या ताटाकडे बघितलं आणि दुसऱ्या दिवशी रात्रीचा भात पाण्यात भिजवून, मीठ-मिरची घालून समोर ठेवला. पोरगी वाडगं चाटून हिरवी झाली. ढोके सर म्हणाले, "झमकीबाई, तुम्हाले हे कसं समजलं?" मी म्हटलं, "तुमच्या मशीनला पोट नाही, सर. मला आहे."

असा माझा तोरा होता. त्या तोऱ्यानंच घात केला.

पहिल्याच वर्षी, आखाडात, एका दुपारी फळ्यावर एकदम सात दिवे लाल झाले. सातही आमच्या पोरी. ढोके सर एका पायात चप्पल घालून धावले. यवतमाळहून फरहीन मॅडम जीप घेऊन आल्या. ही फरहीन शेख जिल्ह्याची मानसतज्ज्ञ. वय अठ्ठावीस, अंगानं काडी, पण शिकलेली इतकी की बोलताना स्वतःच घाबरायची. सगळे वसतिगृहाच्या मागे गेलो तर काय? पोरी बाहुलीचं लग्न लावत होत्या आणि बाहुलीला निरोप देताना एकमेकींच्या गळ्यात पडून ढावलो गात होत्या.

ढावलो सांगते. आमच्यात लग्न ठरलं की तांड्यातल्या म्हाताऱ्या नवरीला रडायला शिकवतात. नुसतं रडायला नाही, सुरात. आईच्या गळ्यात पडून काय म्हणायचं, भावाच्या गळ्यात पडून काय, कुठे श्वास तोडायचा, कुठे लांबवायचा. ते गाणंही असतं आणि रडणंही. चांगला ढावलो गाणारी नवरी निघाली की तांडा दहा वर्षं नाव काढतो.

"आजी, मशीन म्हणतंय, या रडतायत," फरहीन म्हणाली.

"मशीनचं लग्न झालंय का कधी?"

"पण आवाजाचा कंप बघा. श्वास बघा."

"अगं, ती आमची रीत आहे. खेळ चाललाय त्यांचा. उद्या पोरी फुगडी खेळल्या तर काय अँब्युलन्स बोलावशील?"

पोरी खिदळल्या. फरहीन लाल झाली, फळ्यापेक्षा लाल. तिनं तिचा टॅब पुढे केला. म्हणाली, "तुम्ही 'हा इशारा चुकीचा' असा अंगठा दिलात, तर पारवा ते शिकेल. असा सूर आला की हे गाणं आहे, दुःख नाही, असं धरेल. आणि इथेच नाही. गोरमाटी मुलं असलेल्या अठ्ठावीस शाळांत धरेल. खात्री आहे ना, आजी?"

"चाळीस पोरींना मी ढावलो शिकवलाय. तू मला खात्री विचारतेस?"

मी अंगठा दिला. खोटं का बोलू, त्या दिवशी घरी जाताना माझी मान ताठ होती. दुसरी पास बाईचा शब्द अठ्ठावीस शाळांत गेला होता.

तेजल पवार आमच्याकडे आठवीत आली. धावण्यात जिल्ह्यात दुसरी, आणि जिभेनं माझ्या तोडीची. येता-जाता म्हणायची, "दादी, तू दुसरी पास, मी आठवी. म्हणजे मी तुझी साहेब."

"साहेब, आधी नाक पूस," मी म्हणायची.

एकदा दहावीनंतर काय करायचं यावर पोरी बोलत बसल्या होत्या. एक म्हणाली, माझी मोठी बहीण पंधराव्या वर्षीच दिली. मी तंबाखू मळत म्हटलं, "मला तेराव्या वर्षी दिली. काय झालं मला? मेले का मी?" पोरी हसल्या. तेजल हसली नाही. मला वाटलं, नाक वर करायची सवयच आहे तिला.

हे बोलणं मी नंतर किती वेळा गिळून बघितलं. गेलेला शब्द पोटात परत जात नाही.

नववीच्या दिवाळीची सुट्टी संपवून ती आली ती वाळूनच. फळ्यावर दोन दिवस पिवळी. मी बोलावलं. "काय गं साहेब, फराळ पचला नाही का?"

"दादी," ती म्हणाली, "मला ढावलो शिकवशील?"

खरं तर तिथंच माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. तांड्यात लग्न ठरल्याशिवाय कुणी पोर ढावलो शिकायला म्हातारीसमोर बसत नाही. बाहुलीचा खेळ वेगळा, समोर बसून शिकणं वेगळं. पण जानेवारीत शाळेचं स्नेहसंमेलन होतं आणि मराठी पोरी लावणी बसवत होत्या, ओडिया पोरी त्यांचा नाच. मला वाटलं, या पोरीला आपल्या रीतीचा अभिमान आहे. आजकालच्या पोरी नुसती फोनवरची गाणी म्हणतात. ही एक निघाली शहाणी. माझा ऊर भरून आला.

आठ दिवस दुपारच्या सुट्टीत ती माझ्या खोलीत बसली. गळपट्टीला पारवा, मागे भिंतीवर फळा. पहिल्या दिवशी तिनं माझ्या गळ्यात हात टाकले आणि अशी गायली की माझा पदर भिजला. मी फळ्याकडे बघितलं. हिरवी. अर्थात हिरवी, मीच तर शिकवलं होतं त्याला.

ढावलोत नवरी आपल्या पदरचे शब्द घालते. तेजलनं घातले. ती म्हणाली, माझी वही अर्धी कोरी आहे गं दादी, उरलेली पानं कोण लिहिणार? पुढे म्हणाली, मैदानाला सांग, पाय बांधून नेतायत मला.

चौथ्या दिवशी मी तिला थांबवलं. "वही कुठनं आली ढावलोत? मैदान कसलं? गाय म्हण. बापाच्या दावणीच्या गाईला सांग, असं म्हण. आणि श्वास इतका तोडू नको, लांब घे. रडल्यासारखं वाटतं नुसतं."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं." आणि गाय म्हणाली. श्वास लांब घेतला. आठव्या दिवशी इतका साफ गायली की कुठे एक गाठ उरली नाही.

संमेलनात ती ढावलो गायली तेव्हा तहसीलदारांनी डोळे पुसले. तिचा बाप पुढच्या रांगेत फेटा बांधून बसला होता. त्याच्या शेजारी एक परका माणूस होता, तोही फेट्यात. टाळ्या थांबेनात. तेजल स्टेजवरून खाली उतरून थेट माझ्याकडे आली आणि उभी राहिली, काहीतरी मागितल्यासारखी. मी बोटं मोडून तिची दृष्ट काढली.

नऊ दिवसांनी बाप तिला न्यायला आला. तिची आजी आजारी आहे म्हणाला. मीच रजेच्या वहीत अंगठा दिला.

ती आली नाही. पंधरवडा झाला, महिना झाला. मी फोन केले तर बाप म्हणे, येईल, येईल. मार्चात एका सकाळी फरहीन आली. या वेळी जीपमधून उतरताना घाबरली नव्हती. तेच मला खटकलं. माझ्या खोलीचं दार लावून तिनं लॅपटॉप उघडला.

"आजी, तेजलचं लग्न झालं. माहूरच्या पलीकडच्या तांड्यात. फेब्रुवारीत."

मी रजेच्या वहीतला माझा अंगठा शोधू लागले.

"एरवी बोलणं साठवायला बंदी आहे, पण तुमच्या अंगठ्याखाली जो जो आवाज पारव्यानं गाणं म्हणून सोडून दिला, तेवढा तपासणीसाठी वर्षभर ठेवलेला असतो. तिचे आठ दिवस आहेत. ऐकता?"

तिनं ऐकवलं. पडद्यावर एक रेघ धावत होती. फरहीननं बोट ठेवून दाखवलं. "सुरात रडणारी आणि खरी रडणारी, दोघींचा आवाज कापतो. पण सुरातली बाई श्वास स्वतः तोडते, म्हणून तो मापात तुटतो. खऱ्या रडण्यात श्वासाला माप राहत नाही. हा पहिला दिवस बघा. कुठेच माप नाही. दुसरा, तिसरा. तिन्ही दिवस लाल लागायला हवा होता." मग तिनं चौथा दिवस लावला. त्यात माझा आवाज होता. श्वास लांब घे, म्हणत होता. त्या दिवसापासून रेघ सरळ होत गेली, सरळ होत गेली, आणि आठव्या दिवशी दोरीवर वाळत घातलेल्या धोतरासारखी सपाट.

"मशीनला कळणारं रडणं मी काढून टाकलं तिच्यातनं," मी म्हटलं.

फरहीननं लॅपटॉप मिटला. चांगली पोरगी. खोटं समाधान तिला येत नाही.

"आणि शब्द?" मी विचारलं. "शब्द मशीनला कळत नव्हते. वही, मैदान. ते कळणारी त्या खोलीत एकटी मीच होते ना?"

"हो, आजी."

थोड्या वेळानं तिनं दुसरंही सांगितलं. त्या हंगामात अठ्ठावीस शाळांमध्ये आणखी आठ पोरी ढावलो गायल्या आणि सुट्टीनंतर परतल्या नाहीत. आठही हिरव्या.

ढोके सरांनी मला बाजूला घेतलं. "झमकीबाई, तुम्ही कायले अंगावर घेता? मशीन चुकलं, असं लिहून देऊ. शाळाही सुटते, तुम्हीही सुटता."

"मशीन चुकलं नाही, सर. त्यानं सात दिवे लावले होते. मी ते फुंकून विझवले. असंच लिहा. नाहीतर मी लिहीन, आणि माझं अक्षर घाण आहे."

माझा अंगठा मशीनमधून पुसला गेला. पण तेजलला आणायला हवं होतं. कायद्यानं असं लग्न मोडता येतं, पोरीनं स्वतः सांगितलं तर. मी आणि फरहीन माहूरच्या पलीकडे गेलो.

आमच्यात माहेरची बाई भेटायला आली की पोर धावत येते, गळ्यात पडते आणि दोघी सुरात रडतात. शत्रूकडची आली तरी रडतात. तेवढी रीत कुणी मोडत नाही. अंगणात बायका गोळा झाल्या. तेजल दारात आली. कपाळाला कुंकू, अंगावर नवी साडी, कमरेवर घागर. मी हात पसरले.

ती घागर घेऊन उभीच राहिली. सगळ्या तांड्यासमोर माझे हात तसेच लोंबत राहिले. मला आजवर कुणी इतकी मोठी चपराक दिलेली नाही, आणि इतकी बरोबरही.

फरहीननं नियमाप्रमाणे तिच्या पदराला पारवा लावला आणि विचारलं, "तेजल, हे लग्न तुझ्या मर्जीनं झालं का?"

"माझ्या मर्जीनं," तेजल म्हणाली. श्वास लांब, सूर सरळ. हिरवा.

"खोटं बोलतेय ती," मी ओरडले. "लिहा, फरहीन, माझ्या शब्दावर लिहा."

फरहीननं मान खाली घातली. माझ्या शब्दाला आता काय किंमत होती?

मी हट्टानं तेजलला घेऊन शेळ्यांच्या गोठ्यामागे गेले. म्हटलं, पारवा काढलाय, आता बोल. ती बोलली, पण गोरमाटीत नाही, मराठीत. मला 'तुम्ही' म्हणाली. आमच्या बोलीत दादीला कुणी तुम्ही म्हणत नाही.

"मी आठ दिवस तुम्हाला सांगत होते."

"तोंडानं का नाही सांगितलंस गं? सरळ?"

"बापानं धाकट्या सोनलच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घातली होती. आणि तुम्ही म्हणाला होतात, मला तेराव्या वर्षी दिली, मेले का मी." तिनं पायानं लेंड्या बाजूला केल्या. "मला वाटलं, सांगितलं तर तुम्ही हसाल. गाण्यात सांगितलं तर तुम्हाला कळेल. तुम्हालाच कळेल."

"चल माझ्याबरोबर. आत्ता. मी सगळ्यांच्या तोंडाला लागते, तुला माहितेय माझं तोंड."

"मी आले तर इथे सोनलला देतील. बोलणं झालंय तसं." सोनल तिची धाकटी बहीण, अकरा वर्षांची. "मी नाही येत. तुम्हाला काही करायचंच असेल तर तिला शाळेत घाला. लांबच्या."

"घालते. माझ्याजवळच ठेवते, डोळ्यांसमोर—"

"तुमच्याजवळ नको," तेजल म्हणाली. रागानं नाही. हिशोब चुकलेल्या मुलाला समजावावं तशी. "जिथं आपली भाषा कुणालाच कळत नाही, तिथं घाला. तिथं रडलं की लोकांना रडणंच वाटेल."

आतून सासूची हाक आली. तिनं घागर उचलली. पोट अजून दिसत नव्हतं, पण मी चार पोरांची आई आहे. चालीवरून मला कळलं. तेवढं मात्र कळलं.

सोनलचं मी केलं. तिच्या बापाच्या दारात तीन दिवस बसले. पहिल्या दिवशी तो हसला. दुसऱ्या दिवशी फरहीननं गुन्ह्याचा कागद त्याच्या हातात दिला. तिसऱ्या दिवशी तांड्याच्या नायकानं पंचांसमोर त्याच्याकडून अंगठा घेतला की सोनल अठरापर्यंत शिकेल, कुणाच्या बदल्यात कुठे जाणार नाही. त्याच्यावरचा खटला चालू आहे. तेजल साक्षीला आली नाही.

सोनलला मी सिंधुदुर्गातल्या एका निवासी शाळेत सोडलं. दीड दिवसाचा प्रवास. तिथली मनसाथी फिलोमिना नावाची, मासळी विकणाऱ्या घरातली, दहावी नापास. तिला गोरमाटीतला 'ग' माहीत नाही. मी चार वेळा विचारून खात्री करून घेतली. तिला वाटलं असेल, म्हातारीला वेड लागलंय.

निघताना सोनल माझ्या गळ्यात पडली नाही. तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

नोकरी मी सोडली. फरहीन म्हणाली, आजी, राहा, आता तुम्हाला जास्त कळतं. मी म्हटलं, कळण्यानंच वाट लावली, बाई.

परवा दुपारी फिलोमिनाचा फोन आला. धावल्यासारखा आवाज. "आजी, तुमचां चेडू झाडाखाली एकटांच बसून काय तां गाता. फळो लाल झालोहा. ह्यां रडणां हा की गाणां, माका काय्येक कळणां नाय. ऐका हां जरा."

तिनं फोन लांब धरला. वारा होता, आणि वाऱ्यात सोनलचा आवाज. तीजेचं गाणं होतं. श्रावणात कुमारिका गव्हाचे अंकुर वाढवतात, पाणी घालताना गातात ते. आनंदाचं गाणं. मला त्यातला शब्द न् शब्द येतो. तिची आई आमच्याच तांड्यातली, तिलाही लहानपणी ते मीच शिकवलेलं. जिभेच्या टोकावर आलं, की अगं खुळे, ही आमची रीत आहे, खेळतेय ती.

"आजी? कसलां गाणां तां?"

"मलाही नाही कळत," मी म्हटलं. "तू जा. तिच्याजवळ जाऊन बस."